दिवाळीच्या सुट्टीत मुलांना इतिहास-भूगोल हाताने करायला लावणारी मालवणातली कार्यशाळा : आमचा अनुभव

आधीच सांगून टाकते, घरात तिसरी ते पाचवीतलं मूल असेल आणि दिवाळीत तुम्ही मालवणात असाल तर पाठवाच. का पाठवा आणि कुठे मला अजिबात पटलं नाही ते सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा कुठेच धड माहिती मिळाली नाही, नुसते फोटो आणि खाली खूप छान खूप छान एवढंच.

माझा मुलगा चौथीत आहे, इथेच मालवणात शिकतो. भावाची मुलगी तिसरीत, डोंबिवलीची, दिवाळीला गावी येते. दोघांना सोबतच घातलं. चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात अख्खे शिवाजी महाराज आहेत, तिसरीला आपापल्या जिल्ह्याचं वेगळं पुस्तक असतं, म्हणजे विषय मुळात मुलांच्या आजूबाजूचाच, पण होतं काय की प्रश्न-उत्तरं लिहून पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. माझा मुलगा सिंधुदुर्ग किल्ला रोज शाळेत जाताना बघतो आणि पुस्तकातला सिंधुदुर्ग म्हणजे दुसराच कुठलातरी किल्ला अशा थाटात उत्तर पाठ करत होता. तेव्हाच मी ठरवलं की ह्याला कुठेतरी घालायचं.

ही कार्यशाळा एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका घेतात, मदतीला दोन तरुण मुलं आहेत. जागा धुरीवाड्याच्या बाजूला, जुनं कौलारू घर, पुढे पडवी आणि मोठं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. नाव-नंबर इथे टाकत नाही, बाईंनाच ते नको आहे, ओळखीतून येतात तेवढी मुलं त्यांना पुरतात, पण बाजारात विचारलंत तर कोणीही घर दाखवेल. सकाळी नऊ ते एक, फी एका मुलाची २२०० रुपये, त्यात रोजचं खाणं आणि किल्ल्यावर जायचं होडीचं भाडं आलं. मला रक्कम ऐकून आधी जास्त वाटली होती, आता वाटत नाही.

सगळ्यात भारी काय होतं तर रापणीचा खेळ. त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एक होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसं रांगेत उभी राहून ओढत आणतात. हे एकट्या-दुकट्याचं काम नाहीच. मासे आले की लिलाव होतो आणि पैशाचे वाटे पडतात. बाईंनी काय केलं, खळ्यात जुन्या साड्या जोडून जाळं केलं, कागदाचे बांगडे कापून पसरले आणि चिठ्ठ्या टाकून मुलांना माणसं वाटून दिली. कोण जाळ्याचा मालक, कोण होडीवाला, बाकी सगळे ओढणारे, आणि एक आजी जी शेवटी शेवटी येऊन दोराला हात लावते. ओढून झालं, बांगड्यांचा ढीग पडला, आणि बाई म्हणाल्या आता वाटा. आणि गप्प बसल्या.

मी त्या दिवशी तिथे गेले होते म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. आधी मुलांनी सगळ्यांना सारखे वाटले, दोन मिनिटांत काम फत्ते. मग जाळ्याचा मालक झालेला मुलगा म्हणाला माझं जाळं फाटलंय ते शिवायला मला जास्त पाहिजेत. होडीवाली म्हणाली मग माझ्या होडीचं काय. ओढणारे ओरडायला लागले की तुम्ही दोघं नुसते मालक, घाम आमचा गेला. माझी भाची आजी होती, ती आधी काही बोललीच नाही, तिच्यापुढे एकच बांगडा आला तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाली मी म्हातारी आहे म्हणून उशिरा आले. ह्यावर एका मुलीने स्वतःचा एक बांगडा तिला दिला तर दुसरा म्हणतो असा द्यायचा नाही, सगळ्यांनी ठरवून द्यायचा, नाहीतर उद्या कोणीच वेळेवर येणार नाही. नऊ वर्षांची मुलं ही! अर्धा-पाऊण तास भांडण चाललं, बाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, तेही एवढंच सांगायला की आता दुसरी खेप, ह्यावेळी फक्त तीनच बांगडे आलेत.

तीन बांगडे आणि सगळी मुलं. तिथे सारखे वाटे होतच नाहीत, नियमच लागतो. आणि तो नियम मुलांनी स्वतः बसवला, फळ्यावर लिहिला, की आधी जाळ्याचा, मग होडीचा, मग ओढणाऱ्यांचे सारखे, आणि हात लावणाऱ्याला कालवणापुरतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मुलांना चिवला बीचवर खरी रापण दाखवायला नेलं. मुलांनी दोराला हात लावला, थोडे मासेही मिळाले आणि मग प्रश्नांची जी काय सरबत्ती सुरू झाली, कारण प्रत्येकाला आपला नियम बरोबर होता की नाही हे बघायचं होतं. एक वयस्कर रापणकर शांतपणे सांगत होते, "जाळा फाटला तर ता शिवूक पैशे खयसून हाडूचे? म्हणान जाळ्याचो वाटो पयलो." म्हणजे जाळं फाटलं तर ते शिवायला पैसे कुठून आणायचे, म्हणून जाळ्याचा वाटा पहिला. माझ्या मुलाने घरी येऊन हे वाक्य जसंच्या तसं त्याच मालवणीत बोलून दाखवलं, आणि शाळेत घातल्यापासून त्याच्या तोंडून मालवणी जवळपास गेलीच होती, म्हणून मला हे फार मोठं वाटलं.

खेळाची तिसरी खेप पण घेतली होती, त्यात एका गटाला खूप मोठं जाळं दिलं आणि लहान-मोठे सगळे बांगडे ओढू दिले, पुढच्या खेपेला ढिगात टाकायला बाईंकडे मासेच उरले नाहीत. तिथून १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी का असते ते आलं. पर्ससीनचा, म्हणजे मोठ्या बोटींनी गोल जाळं टाकून माशांचा थवाच्या थवा उचलण्याचा विषयही एका मुलाने काढला, त्याचे वडील मच्छीमार आहेत, आणि बाईंनी तो टाळला नाही, त्यालाच घरी काय बोलतात ते सांगू दिलं. हे मला खूप आवडलं. ज्या घराचं पोट ज्यावर चालतं त्या घरातलं मूल वर्गात त्या विषयातलं जाणकार ठरतं, एरवी हाच मुलगा मागे बसणारा असेल.

हाताने शिकणं म्हणून आजकाल जे काय विकलं जातं त्यातलं बरंचसं नुसतं कापा-चिकटवा असतं. मी गेल्या वर्षी ऑनलाइन एक महागडा इतिहासाचा बॉक्स मागवला होता, त्यात छापील तुकडे चिकटवून वाडा तयार करायचा, मुलाने तासाभरात केला, दिसायला सुंदर, आणि त्या वाड्यात कोण राहायचं विचारलं तर काही सांगता येईना. हात चालले पण डोक्याला काही ठरवावंच लागलं नाही. इथे ज्या ज्या गोष्टीत मुलांना ठरवायला लागलं ती प्रत्येक गोष्ट त्यांना अजून आठवते, आणि जिथे ह्यांनी पण नुसतं रंगवायला दिलं तिथे तसंच झालं, त्याचं पुढे लिहिते.

किल्ल्याचं घ्या. दिवाळीत किल्ले सगळीच मुलं करतात, चिखल, दगड, वर अळीव पेरलं, चित्रं मांडली, झालं. इथे खळ्यातच मोठ्या घमेल्यात पाणी ओतून मध्ये चिखलाचं बेट केलं, म्हणजे कुरटे बेट, आणि त्यावर जांभ्याच्या चिपांनी सिंधुदुर्गाचा तट बांधायला सांगितला. अट एकच, दरवाजा असा करायचा की समुद्रातून येणाऱ्याला दिसता कामा नये. एक मूल जमिनीवर आडवं पडून पाण्याच्या पातळीला डोळा लावणार, ते म्हणजे शत्रूचं जहाज, आणि दरवाजा दिसला की ओरडणार. मुलांनी किती वेळा तट पाडला असेल! सरळ भिंतीत दार ठेवलं की लगेच दिसतं. शेवटी एका गटाला सुचलं की भिंत वळवून दोन बुरूज एकमेकांच्या पुढे आणले की मधली फट लपते. मग होडीने खऱ्या किल्ल्यावर गेले तेव्हा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसेना, आणि दिसला तेव्हा अख्खी होडी ओरडली म्हणे, आम्ही पण असाच केलाय. होडीत सगळ्यांना लाइफ जॅकेट होतं, तेवढं मी आधीच विचारून घेतलं होतं.

किल्ल्याची माहितीही नीट दिली, २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, पूजा झाली तो मोरयाचा धोंडा दांडीच्या किनाऱ्यावर, बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी बघितलं, पायाला शिसं ओतलं, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात आपले सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत हेही सांगितलं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघून माझी भाची गप्प झाली, बाहेर येऊन तिने आपला हात किती आहे ते रुमालावर मापून ठेवलं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, तिथल्या एका आजींना मुलांनी विचारलं की पावसात बाजार कसा करता. हे प्रश्न आधी वहीत लिहायला लावले होते आणि हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न चालणार नाही अशी अट होती. घरी मोठ्या माणसांना प्रश्न विचारायची सवय तिथूनच लागली.

काळाची दोरी हा आणखी एक प्रकार, दिसायला अगदी साधा. पडवीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधली, एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. १६६४ ची चिठ्ठी एका टोकाला, आजचा दिवस साडेतीन मीटरच्या पलीकडे. मग १९४७, मग १ मे १९६०, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला आपला सिंधुदुर्ग जिल्हा, २६ जानेवारी १९९८ ला मुंबईहून थेट सुरू झालेली कोकण रेल्वे, आणि प्रत्येकाने आपला जन्म, आई-बाबांचा, आजीचा. माझ्या भाचीचा समज होता की आजीने इंग्रजांचं राज्य बघितलंय, कारण आजी म्हणजे फार जुनी. आजी १९५२ ची, चिमटा १९४७ च्या पुढे पाच सेंटीमीटरवर लागला, आणि पोरीने संध्याकाळी फोनवर आजीला सांगितलं, आजी तू स्वातंत्र्यानंतरची आहेस, मी मोजलंय.

दोरीचा मधला भाग मोकळाच राहिला होता, सगळ्या चिठ्ठ्या शेवटाला गर्दी करून. त्यावर बाईंनी घरी काम दिलं की ह्या मोकळ्या जागेत टांगायला घरून एक तरी गोष्ट विचारून आणा. आमच्याकडे सासरे बरीच वर्षं रत्नागिरीला नोकरीला होते, त्यांनी थिबा राजाचं सांगितलं, ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी राज्य घेतलं आणि १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला, राजवाडा बांधून मिळाला १९१० ला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. नातू वही घेऊन बसलाय आणि सासरे खुर्ची पुढे ओढून सांगतायत असं आमच्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. ते एरवी टीव्हीपुढून हलत नाहीत.

नकाशाचं थोडक्यात सांगते. वाडीचा नकाशा पावलांनी मोजून केला, प्रत्येकाचं पाऊल वेगळं म्हणून एकाच रस्त्याची लांबी वेगवेगळी आली, तिथून सगळ्यांचं एक माप का लागतं हे आलं, आणि मग बाईंनी माळ्यावरची जुनी मापं काढली. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हे मुलांनी उकड्या तांदळाने भरून भरून बघितलं. दुपारी घरी आल्यावर माझ्या स्वयंपाकघरातली एकही वाटी मोजायची शिल्लक ठेवली नाही.

आता जे पटलं नाही ते.

एवढी मापं हातात असताना बारा बलुतेदारांचा दिवस मात्र फुकट घालवला. छापील चित्रं दिली, कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, रंगवा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. गावात सगळे एकमेकांना मदत करायचे, किती छान होतं, एवढंच. रापणीला जशी वाटणी करायला दिली तशीच इथे देता आली असती, खळ्यात भाताची रास घालायची आणि पायलीने मापून सांगायचं की आता प्रत्येकाचं बलुतं काढा. कोणाला किती, कोणी ठरवलं, ज्याचं काम सगळ्यात घाणीचं आणि कष्टाचं त्याच्या वाट्याला काय, हे प्रश्न मुलांनी स्वतःच विचारले असते. आणि गावच्या विहिरीवर कोणाला पाणी भरायला मनाई होती हे लपवून गावाचं चित्र पुरं होतच नाही. मुलं लहान आहेत त्यांना कशाला, असं बाईंचं म्हणणं पडलं, मी समोर बसून बोलले त्यांच्याशी. मला ते पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला तहान कळते. आणि लांब कशाला जायचं, महाडचं चवदार तळं आपल्या कोकणातच आहे, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात. काळाच्या दोरीवर १९२७ ची चिठ्ठी नव्हती. माझ्या मुलाने मी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी नेऊन लावली, आणि हे बाईंच्या बाजूने सांगायलाच हवं, त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून ती गोष्ट सांगायला लावली. एका मुलीने विचारलं म्हणे, पाणी तर सगळ्यांचंच असतं ना मग त्यांना अडवलं कोणी. बाईंनी पुढच्या वेळी हा दिवस बदलते असं कबूल केलंय.

दुसरी गोष्ट ग्रामसभा. खेळ म्हणून उत्तम, १०० चिंचोके म्हणजे गावाचे पैसे, कामं चार, विहीर साफ करायची, रस्त्यावर दिवे, शाळेचं संडास, किनाऱ्याकडे जाणारी पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, आणि पैसे सगळ्याला पुरणार नाहीत असे मुद्दामच ठेवलेले. मुली सगळ्या संडासाच्या बाजूने एक झाल्या आणि जिंकल्या, मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण निम्म्याहून जास्त मुलं मालवण शहरातली, आणि शहरात ग्रामसभा नसते, नगरपरिषद असते, प्रभाग असतो, नगरसेवक असतो. हे कोणी सांगितलंच नाही. माझ्या मुलाने घरी येऊन विचारलं आपला सरपंच कोण, आता काय सांगणार. भाचीचं तर डोंबिवलीचं, म्हणजे महानगरपालिका. गावाची ग्रामसभा खेळून झाल्यावर अर्धा तास जरी दिला असता की तुझ्या घरासमोरचा दिवा बंद पडला तर तू कोणाकडे जाणार, तर प्रत्येकाला आपापलं उत्तर मिळालं असतं. मुलगा आणि मी नंतर आमच्या गल्लीतल्या बंद दिव्यासाठी अर्ज लिहिला, त्याच्या अक्षरात, आणि तोच जाऊन देऊन आला, पोच घेतली शिक्क्याची, ती त्याने दोरीच्या चिठ्ठ्यांसोबत जपून ठेवलीय.

बाकी सोयीचं. खाणं घरचं, घावणे-चटणी, उसळ, कधी शिरवाळे, कोकम सरबत रोज. संडास एकच आणि तो घराच्या मागे, लहान मुलींना एकटं जायला भीती वाटते, भाची दोन दिवस पाणीच कमी प्यायली मग कळलं, तेव्हा आधीच बोलून ठेवा, सोबत मोठी मुलगी देतात. खळ्यात अकरानंतर ऊन येतं, टोपी द्या. दुसरीतली मुलं पण घेतली होती ह्यावेळी, ती वाटणीच्या भांडणात कंटाळून चिखलात खेळत बसतात, तेव्हा तिसरीच्या खालच्या मुलांना पाठवू नका, एक वर्ष थांबा. पालकांना बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, मी रापणीच्या दिवशी थांबले तेव्हाच बघितलं की माझा मुलगा बोलण्याआधी एकदा माझ्याकडे बघत होता, मी आत सरकले आणि त्याचा आवाज मोकळा झाला. मुंबईहून येणाऱ्यांनी मुलांच्या भाषेची काळजी करू नये, मालवणी-मराठी मिसळून चालतं, भाचीला तिसऱ्या दिवसापर्यंत खय (कुठे) आणि कित्याक (कशाला) दोन्ही यायला लागलं.

मे महिन्यातही एक बॅच असते, त्यात रापणीऐवजी आंब्याच्या पेट्या, म्हणजे बाग, तोड, प्रतवारी, पेटी भरणं, दलाल, वाशी मार्केट असा खेळ करणार आहेत आणि एक दिवस कुडोपी गावची कातळशिल्पं, म्हणजे जांभ्या कातळात कोरलेली जुनी चित्रं बघायला नेणार आहेत. कातळशिल्पांवर सावली अजिबात नाही आणि मे महिन्यातला सडा, म्हणजे तो उघडा कातळ, दहा वाजताच तापतो, म्हणून मी बाईंना सांगितलंय की सकाळी सहाला निघा नाहीतर तो दिवस दिवाळीच्या बॅचला घ्या. नाव घालायचं असेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच जाऊन भेटा, आणि भेटाल तेव्हा बलुतेदारांचा दिवस बदलला का हे विचारा, चार जणांनी विचारलं तर नक्की बदलेल.